खालच्या मजल्यावरचे काका रोज आवाजाची तक्रार करतात, काय करावं?

वाकडवाली

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आम्ही वाकडला बाराव्या मजल्यावर राहतो, स्वतःचा टू बीएचके, मी, नवरा, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. खालचा फ्लॅट दिवाळीपर्यंत रिकामाच होता त्यामुळे आपला आवाज खाली जातो का वगैरे प्रश्न कधी पडलाच नाही. आता तिथे रिटायर्ड काका-काकू राहायला आलेत आणि तेव्हापासून इंटरकॉम वाजला की पोटात गोळा येतो. "वर फर्निचर हलवताय का?", "मुलाला झोपवत नाही का?", एकदा तर वॉचमनलाच वर पाठवलं. परवा रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलं, त्यात मला तरी फक्त त्यांच्याच पंख्याचा आवाज ऐकू आला पण ते असो. वर म्हणतात मोबाइलच्या ॲपवर ५२ डेसिबल दाखवतंय, कायद्याने रात्री ४५ च चालतं, मी पोलिसात जाईन.

आमच्याकडे ना होम थिएटर ना पार्ट्या. मुलगा पळतो हे खरंय, पण साडेनऊला झोपतो. नवऱ्याची यूएस शिफ्ट आहे, तो बेडरूममध्ये दार लावून रात्री एक-दीडपर्यंत कॉलवर असतो पण हेडफोन लावून, हळू बोलतो. सासूबाईंनी तर धसकाच घेतलाय, परवा लसणाची चटणी कुटायला खलबत्ता घेऊन पलंगावर बसल्या होत्या, गादीवर 😄 मुलाला सारखं "पळू नको, काका ओरडतील" म्हणून म्हणून आता लिफ्टमध्ये काका दिसले की तो माझ्यामागे लपतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

नवरा म्हणतो दुर्लक्ष कर. ग्रुपवर सडेतोड उत्तर द्यावं का? आणि पोलिसांचं खरंच काही होऊ शकतं का?

चहाबाज

नवरा बरोबर बोलतोय. यांना फ्लॅट शहरात हवा, लिफ्ट हवी, खाली मेडिकल हवं आणि शांतता मात्र हिमालयातली. लहान मूल पळणार नाही तर काय पद्मासन घालून बसणार? एकदा नमतं घेतलंत की उद्या कुकरच्या शिट्ट्या मोजतील.

खालचाच

चहाबाज, तुम्ही कधी कुणाच्या खाली राहिलायत का? मी राहतो. आवाज मोठा असतो असं नाही हो, पण कधी येईल ते आपल्या हातात नसतं. रात्री साडेबाराला डोळा लागतो न लागतो तोच वरून घर्रर्र, मग शांत, मग आपण पुढच्या घर्रर्रची वाट बघत पडून राहायचं, आणि तो आला नाही तरी झोप गेलीच. दिवसा तोच आवाज दहापट झाला तरी लक्षात येत नाही. आणि त्या वयात एकदा मोडलेली झोप परत लागत नाही हेही बघा.

ताई, तुम्ही लिहिलंय मुलगा साडेनऊला झोपतो आणि रेकॉर्डिंग रात्रीचं आहे. मग पोराला कशाला दामटवताय? काकांना नक्की कुठल्या खोलीत आणि किती वाजता आवाज येतो ते आधी विचारा. माझा अंदाज, तुमच्या मिस्टरांची खुर्ची.

सळई_सिमेंट

साइटवर आयुष्य गेलं म्हणून लिहितो. बोलण्याचा आवाज हवेतून जातो, तो मधला काँक्रीटचा स्लॅब बऱ्यापैकी अडवतो, म्हणून तुमच्या मिस्टरांचे कॉल खाली ऐकू जात नसणार. पण जे थेट फरशीला धडकतं, म्हणजे टाच, खुर्चीचं चाक, पडलेली वाटी, कपाटाचा ड्रॉवर, खलबत्ता, ते स्लॅबच हलवतं आणि खालच्याचं छत वाजतं. पाच-सहा इंचाचा स्लॅब, वर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, मध्ये मऊ असं काहीच नाही. तुमच्या भागातल्या नवीन टॉवरमध्ये बरेचसे मायवान शटरिंगचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेले आहेत, त्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, सगळं एकसंध ओतलेलं. त्यामुळे आवाज स्लॅबमधून भिंतीत, भिंतीतून शेजारी असा फिरतो आणि डोक्यावर वाजतंय असं वाटलं तरी ते नेमकं डोक्यावरच असेल याची खात्री नाही.

म्हणून भांडायच्या आधी एक करा. मिस्टरांना वर ठेवा, तुम्ही फोन चालू ठेवून काकांच्या बेडरूममध्ये उभ्या राहा. वर एकेक गोष्ट करायला सांगा, खुर्ची सरकव, ड्रॉवर लाव, अनवाणी चाल, मशीनचा स्पिन लाव. दहा मिनिटांत कळतं कोण गुन्हेगार.

खुर्चीच निघाली तर तिची नायलॉनची कडक चाकं काढून पीयूची (पॉलीयुरेथेनची) मऊ चाकं बसवा, ओढली की निघतात. फक्त चाकाच्या खुंटीची जाडी मोजून मागवा, बऱ्याच खुर्च्यांना ११ मिमीची असते. डायनिंगच्या खुर्च्यांना फेल्टच्या चकत्या, मशीनखाली रबरी पॅड. मुलाच्या खेळायच्या जागी ते कोड्यासारखे जोडायचे फोमचे मॅट टाका, खेळणी पडल्याची टकटक जाते, पण उडी मारल्याचा धप्प आवाज पूर्ण जाणार नाही, उगाच जास्त आशा नको. आणि सासूबाईंना म्हणावं गादीवर कशाला, खलबत्त्याखाली गोणपाटाची जाड घडी घाला, चटणी नीट कुटली जाईल.

नाइलाजाने_सेक्रेटरी

पोलिसांबद्दल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, इथपर्यंत काकांचं बरोबर. पण ही मर्यादा परिसरातल्या एकूण आवाजाची आहे, ठराविक वेळाची सरासरी धरून, एखाद्या घरातल्या पावलांची नाही. शिवाय त्याच नियमांत तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असावा असं म्हटलंय. म्हणजे ५२ खरे धरले तरी जमत नाही, आणि मोबाइलचा माइक काही प्रमाणित मीटर नव्हे. रात्री स्पीकर लावलात किंवा ड्रिल मशीन चालवलंत तर गोष्ट वेगळी.

सोसायटीच्या उपविधींत मात्र इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये हे आहे, त्यामुळे ते कमिटीकडे लेखी तक्रार करू शकतात. कमिटी काय करणार, दोघांना बोलावून चहा पाजणार. मनात आलं म्हणून दंड लावता येत नाही, आधी नोटीस, तुमचं म्हणणं ऐकून घेणं, मग जनरल बॉडी. ग्रुपवर कृपया उत्तर देऊ नका, हात जोडतो. आमच्याकडे असाच एक वाद ग्रुपवर सुरू झाला आणि पार्किंग, कुत्रं, लीकेज करत करत दोन विंगांचा गणपती वेगळा झाला.

श्टुटगार्टकर

अवांतर, पण राहवत नाही. इथे जर्मनीत साधारण रात्री १० ते ६ शांतता आणि रविवारी दिवसभर. रविवारी ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या रिसायकलच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटताना आवाज होतो! सुरुवातीला कुकर लावायलाही भीती वाटायची, शिट्टी व्हायच्या आत बंद करायचो आणि डाळ कच्ची. पण लहान मुलांच्या आवाजाकडे कायदा बराच सौम्यपणे बघतो, पाळणाघर आणि खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज हा सहसा त्रास धरायचा नाही असं २०११ पासून कायद्यातच आहे. एवढ्या शिस्तीच्या देशाने जे मान्य केलंय ते तुमच्या काकांना सांगून बघा, फरक पडणार नाही म्हणा.

कोकमसरबत

वाकडवाली ताई, काकांशी बोलूच नका, काकूंशी बोला. संध्याकाळी पाचच्या सुमारास खाली कट्ट्यावर असतील. तक्रार आल्याच्या दिवशी डबा घेऊन जाऊ नका, लाच दिल्यासारखं दिसतं. आणि मुलाला काकांच्या नावाने घाबरवणं आजपासून बंद करा, उद्या तो लिफ्टमध्ये त्यांनाच विचारेल "तुम्ही ओरडणारे काका का?"

वाकडवाली

सगळ्यांचे आभार. चहाबाज, मनातून तुमचंच पटत होतं 😄 ग्रुपवर काही लिहिलं नाही.

काकूंशी बोलले. दुपारच्या पळापळीबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नाही, उलट घरात पोर असल्यासारखं वाटतं म्हणाल्या. त्रास रात्रीच्याच आवाजाचा. मग सळई_सिमेंट यांची परीक्षा केली, मी खाली, नवरा वर. चालणं जवळजवळ नाहीच, मशीन थोडं, पण खुर्ची सरकवल्यावर अहो खरंच छतावरून कुणीतरी लोखंडी पिंप लोटल्यासारखं. काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. चाकं मागवलीत, तोवर खुर्चीखाली सतरंजी.

एक मात्र राहिलंय. ते म्हणतात पहाटे सव्वापाचला एक जोरात ठोका बसतो, बाथरूमच्या बाजूने. त्या वेळी आमच्याकडे कुणीच उठलेलं नसतं, शपथेवर सांगते, पण त्यांना ते पटत नाहीये.

सळई_सिमेंट

पहाटे टाकीत पाणी चढवायचा पंप किती वाजता बंद होतो ते वॉचमनला विचारा. पंप थांबला की पाइपमधलं पाणी उलटं येतं, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह धाडकन बंद होतो आणि डक्टमधला पाइप भिंतीवर आपटतो. वेळ जुळली तर प्लंबरकडून तो व्हॉल्व्ह आणि पाइपचे क्लॅम्प तपासून घ्या, क्लॅम्प आणि पाइपच्या मध्ये रबर हवं. ते काम सोसायटीचं, तुमचं नाही. अर्ज करताना काकांचीही सही घ्या.

नाइलाजाने_सेक्रेटरी

आणि अर्ज कागदावर द्या हो, ग्रुपवर नको.