टाळेबंदीत वाढलेले पिणे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हिंजवडीतील कंपनीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यापासून तो कोथरूडच्या खोलीतून एकट्यानेच काम करू लागला आणि पूर्वी शनिवारी मित्रांबरोबर होणारे पिणे रोज रात्रीचे झाले. त्याला एकदम बंद करायला सांगावे का?

उत्तर : ताई, एकदम नको. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास हात थरथरणे, झोप उडणे, क्वचित झटके येणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तेथेही विचारावे.

उत्तर : माझेही असेच झाले होते. काम संपल्याची खूण म्हणून ग्लास भरला जाई. मे २०२० मध्ये घरपोच मद्यविक्रीला परवानगी मिळाल्यावर तर दुकानापर्यंतची पायपीटही उरली नाही. त्याच्यावर रागावू नका, रोज संध्याकाळी फोन करत जा. आत्याच्या फोनमुळे माझी ती वेळ टळत असे.