इबुसुकीच्या गरम वाळूत: तुमचा अनुभव लिहा

जपानच्या क्युशू बेटाच्या दक्षिण टोकाजवळचं इबुसुकी, कागोशिमा शहराहून रेल्वेने साधारण तासभर. इथे पुळणीखालून कढत पाणी वाहतं आणि वाळू ५०-५५ अंशांपर्यंत तापते. त्या वाळूत माणसं गळ्यापर्यंत पुरून घेतात. याला सुनामुशी म्हणतात.

मी नोव्हेंबरात आईला घेऊन गेले होते. परक्या बायकांसमोर कपडे काढायचे म्हणून ती टोकियोत एकाही ओन्सेनला, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहाला, आली नव्हती. इथे अंगात युकाता, म्हणजे सुती झगा असतो, डोक्याला पंचा. फावड्याने वाळू अंगावर यायला लागली तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. दहा मिनिटांनी हाक मारली तर म्हणाली, "थांब गं, अजून थोडा वेळ." नंतर वाळू धुऊन मोठ्या कुंडात उतरतात. तिथे मात्र युकाता चालत नाही. आई शॉवर घेऊन बाहेर आली, कोणी काही म्हटलं नाही. तुमच्यापैकी जे गेले असतील, त्यांनी नक्की लिहा.

*

वाळू इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. पोटऱ्यांत, बोटांच्या टोकांत नाडी उडताना जाणवते. बाबांना रक्तदाब, म्हणून त्यांना वाळूत झोपवलं नाही. ते इबुसुकी स्टेशनासमोरच्या कुंडात पाय बुडवून बसले. परत आलो तर गावातल्या दोन आजोबांशी खुणांनी गप्पा चालू होत्या. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा.

*

मला सगळ्यात आनंद झाला तो भेंडीची शेतं बघून! जपानात सर्वात जास्त भेंडी इबुसुकीत पिकते. मागे ९२४ मीटरचा काइमोन डोंगर, पुढे पिवळ्या फुलांच्या रांगा. दुकानातून दोन पाकिटं घेतली आणि रात्री खोलीवरच्या छोट्या शेगडीवर काचऱ्या परतल्या. तिथले लोक ती नुसती उकडून, सोया सॉस घालून खातात. बुळबुळीतपणाच त्यांना आवडतो.

*

आम्ही शाकाहारी. जवळच्याच यामागावा बंदरात सुकवलेल्या बोनिटो माशाचा मोठा धंदा आहे, त्यामुळे जवळपास प्रत्येक रश्शात तो असतोच. आधीच विचारून घ्या. आमचं पोट भरलं ते उनागी तळ्याकाठच्या वस्तीत. तिथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर चुली बांधल्या आहेत, त्यांना 'सुमे' म्हणतात. त्यावर रताळी उकडून घेतली. रताळं या भागात आलं तेही यामागावातूनच, १७०५ साली दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवरून. मीठसुद्धा लागलं नाही.

*

माझं आजोळ संगमेश्वराकडचं. लहानपणी आजी गुडघे शेकायला तुरळच्या गरम कुंडावर जायची, मी तिचा डबा धरून काठावर बसायचो. इबुसुकीत माझ्या शेजारी पुरलेल्या बाई अगदी तिच्याच वयाच्या होत्या. मला त्यांची भाषा येत नाही, आणि हात तर दोघांचेही वाळूखाली. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे बघून हनुवटीनेच समुद्राकडे खूण केली. मी मान वळवली. एक मच्छीमार होडी बंदराकडे परत येत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.