युजर एजंट वाचणारे अडाणी? मग आम्ही अडाणीच बरे

बेदाणा_तासगाव: परवा आपल्या सांगली-साताऱ्याच्या डेव्हलपर ग्रुपवर एकानं ठोकून दिलं की युजर एजंट (ब्राउझर साइटला धाडतो ती स्वतःची ओळखपाटी) वाचून फोन ओळखणं म्हणजे अडाणीपणा, मीडिया क्वेरी लावा म्हणजे पडद्याची रुंदी बघून मांडणी बदला, फीचर डिटेक्शन करा म्हणजे ब्राउझरला काय येतं ते तपासा, विषय संपला. तुमचा संपला असंल ओ. मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या सौद्यांचं पान केलंय, बघणारे शेतकरी दोन जीबी रॅमचे फोन घेऊन बसलेत. मीडिया क्वेरी मला रुंदी सांगणार, ३६० पिक्सेल. ती सात हजाराच्या फोनची पण ३६० आणि सत्तर हजाराच्या पण. ह्यातल्या कुठल्या फोनवर माझा वर्षभराच्या दरांचा चार्ट उघडला की फोन मान टाकणार, हे मला रुंदीवरनं कळणार होय?

कृष्णाकाठ: तो "एक" मीच, नाव घ्यायचं की सरळ. आता तू सांग, युजर एजंट वाचून तुला काय कळतं? क्रोमनं २०२३ पासून अँड्रॉइडवाल्या सगळ्यांच्या गळ्यात एकच पाटी अडकवलीय, "अँड्रॉइड १०, के". फोन सात हजाराचा असू दे नाहीतर सत्तरचा. आयफोन मॉडेल कधी सांगतच नव्हता. आयपॅड २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवून घेतोय, आणि झाडून सगळे ब्राउझर अजून पहिला शब्द मोझिला लिहितात, म्हणजे जुन्या नेटस्केप ब्राउझरचं टोपणनाव. असल्या खोटारड्यांच्या जबानीवर तू पान रचणार?

पोवईनाका: पोरांनो, आम्ही वुर्फलवर दिवस काढलेत. एक भलीमोठी एक्सएमएल फाइल, कुठल्या हँडसेटचा पडदा १२८ बाय १२८, कुणाला जीआयएफ चालतं, कुणाला टेबल झेपत नाही, सगळं त्यात. लोकांनीच भरलेली माहिती, मी स्वतः एका हँडसेटची नोंद पाठवलेली. मग २०११ ला त्याची कंपनी झाली आणि लायसन्सचं लचांड मागं लागलं. आमच्याच घामावर आम्हालाच बिल, त्याचा राग अजून गेला नाही.

मिरजेचा_तंबोरा: मला कोडमधलं काही कळत नाही, मी डिझाइनवाला, पण फोन ओळखून तुम्ही लोक काय धंदे करता ते मला माहितीय. सांगली-पुणे स्लीपर, माझ्या आयफोनवर ७५०, बायकोच्या अँड्रॉइडवर ७१०. एकाच सोफ्यावर बसून बघितलंय.

कृष्णाकाठ: काका, वहिनींना कूपन लागलं असेल.

मिरजेचा_तंबोरा: काका कुणाला म्हणतो रे, चौतीसचा आहे मी. कूपन नव्हतं, लॉगिन पण नव्हतं, सीट तीच.

वाईकर_मी: मी एका तिकीटवाल्यांकडे तीन वर्षं काढलीत. सीट भरत जातात तसा दर मिनिटामिनिटाला हलतो, दोन फोनवर एकाच क्षणी कुणी बघत नाही. मॉडेल नाही कळलं तरी आयफोन आहे एवढं कळतंच, तेव्हा करायचं म्हटलं तर करता येईल. आमच्याकडे नव्हतं.

पोवईनाका: "आमच्याकडे नव्हतं." दूध घालणारा पण हेच सांगतो.

वाईकर_मी: दादा, मी काम केलंय, तुम्ही ऐकलंय. फरक आहे.

मिरजेचा_तंबोरा: म्हणजे ४० रुपये मी स्वप्नात मोजले काय?

बेदाणा_तासगाव: अरे बसमधनं उतरा की आता! धागा रॅमचा आहे.

कृष्णाकाठ: रॅमच पाहिजे तर डिव्हाइस मेमरी विचार, क्रोम ढोबळ आकडा देतो. सर्व्हरला पाहिजे असंल तर क्लायंट हिंट माग, म्हणजे ब्राउझर विनंतीसोबतच तो आकडा धाडतो. सफारी आणि फायरफॉक्स देत नाहीत, पण तुझे शेतकरी कुठं सफारीवर आहेत.

बेदाणा_तासगाव: म्हणजे शेवटी फोन ओळखायचाच! हेच मी बोंबलतोय सकाळपासनं.

कृष्णाकाठ: फोन नाही रे, त्याची ताकद. पाहुण्याला गाव कुठलं विचारून जेवण वाढत नाहीत, किती खाणार ते विचारतात. आणि मुळात आधी चार्ट वाढतोसच कशाला? आजच्या दराचा साधा तक्ता दे, ज्याला पाहिजे तो बटण दाबंल.

वाईकर_मी: मी कृष्णाकाठच्या बाजूनं, त्याचा सूर आवडत नसला तरी. मागच्या खरिपात बाबांचा पीकविम्याचा फॉर्म भरायचा होता, शेवटचा दिवस. पान उघडलं की "आपल्या मोबाइलवर ही सुविधा उपलब्ध नाही". बाबा नेट कॅफेला निघाले पावसात. मी ब्राउझरमधलं "डेस्कटॉप साइट" दाबलं, तोच फोन, तोच ब्राउझर, सगळा फॉर्म सुरळीत भरला. कुणीतरी युजर एजंटमध्ये "मोबाइल" शब्द बघून दार लावून घेतलं होतं, बास. त्या माणसाला शोधतेय मी अजून.

बेदाणा_तासगाव: दार लावायला मी कधी म्हटलं ताई, मी हलकं पान द्यायला म्हणतोय. पण बरं, घ्या, काल रात्री बटण लावलं. सकाळी अडत्याचा फोन, "चार्ट कुठं घालवलास?" त्यानं नवा आयफोन घेतलाय.

कृष्णाकाठ: मग दाब म्हणावं बटण.

मिरजेचा_तंबोरा: आत्ता परत बघितलं, दोघांनी एकदम, एक दोन तीन म्हणून. दोन्हीवर ७८०.