मदत हवी आहे: जुन्या पेपरातलं 'कुटुंब' म्हणजे बायको कधीपर्यंत?

नमस्कार, पुण्यातल्या जुन्या पेपरांचे अंक चाळणारं कोणी आहे का इथे? 'कुटुंब' हा शब्द पूर्वी सरळ बायको या अर्थाने वापरायचे, म्हणजे 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हटलं की फक्त बायको, मुलंबाळं नाहीत, आणि क्रियापदपण नपुंसकलिंगी. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ आहे. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही ही रीत होती, त्यातून हे आलं असावं असं मला वाटतं.

मला हवंय ते छापील वापराचं. ज्ञानप्रकाश १८४९ ला सुरू झालेला, केसरी १८८१ ला, मनोरंजन मासिक १८९५ ला, यातल्या पत्रव्यवहारात, जाहिरातींत, निधनवार्तांत 'कुटुंब' कसं येतं? निधनवार्ता तर नक्की बघायच्यात, कारण तिथे बाईचं स्वतःचं नाव छापायचे की नुसतं 'अमक्यांचे कुटुंब' यावर बरंच काही कळतं. १९५२ नंतर कुटुंब नियोजन आलं तिथे तर अर्थ पूर्ण घर असाच आहे, मग मधल्या काळात कधी बदललं?

कोणाकडे कात्रणं असतील तर तारखेसकट फोटो टाका प्लीज. आणि पुणे नगर वाचन मंदिरात किंवा केसरीवाड्यात जुने अंक बघायला परवानगी कशी घ्यायची तेही सांगा.