प्रति: शायनिंग इन्स्टामुळे आली?
वर कोणीतरी म्हटलंय की प्रेमात शायनिंग मारणं इन्स्टाने शिकवलं, पण आमच्या गोव्यात ते जुनंच आहे हो, आधी मुलगा बोटीवर (म्हणजे जहाजावर नोकरीला) आहे म्हटलं की बास, मग पोर्तुगीज पासपोर्ट आला. आता रेंटची थार घेऊन पर्रा गावच्या माडांच्या रस्त्यावर फोटो, नंबरप्लेट तेवढी क्रॉप (काळ्यावर पिवळे आकडे दिसले की गोंयकाराला लगेच कळतं, गाडी भाड्याची!). आणि इथे १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे आधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांच्या मालमत्तेत निम्मा निम्मा वाटा. म्हणून आमच्या मावशीने मुलीच्या बॉयफ्रेंडला सरळ विचारलं, गाडी कुणाच्या नावावर रे? तर तो वायफायचा पासवर्ड विचारायला लागला.