भरलेलं ताट म्हणजे पाप आणि रिकामा पेला म्हणजे पुण्य?

माधवी_रेघ:
परवा इथेच कुणीतरी ठासून लिहिलं, की खादाडपणावरची युरोपीय चित्रं म्हणजे रंगवलेली प्रवचनं. 'अति खाणं पाप' एवढं समजलं की चित्र समजलं! वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माद्रिदच्या प्राडो संग्रहालयातलं, बॉश या चित्रकाराचं सात पापांचं चित्र घ्या. मधोमध ख्रिस्त आणि 'सावध राहा, देव पाहतो आहे' हा लॅटिन इशारा. उपदेश इतका उघड आहे की तो शोधावा लागत नाही. पण खादाडपणाच्या भागात ब्रश कुठे रेंगाळलाय ते बघा. टेबलाशी लठ्ठ माणूस खाण्यात गढलाय, दुसरा उभ्याउभ्याच सुरई तोंडाला लावून ढोसतोय, बाई भाजलेला पक्षी घेऊन येतेय, विस्तवावर सॉसेज आहे. आणि ते गुबगुबीत पोर बापाकडे हात पसरतंय! इतकं बारीक निरीक्षण निव्वळ धाक घालण्यासाठी कुणी करत नाही. चित्रकार ब्रुगेलचं 1567 चं म्युनिकमधलं, ऐतखाऊंच्या काल्पनिक देशाचं चित्रही तसंच. तीन गडी खाऊन आडवे पडलेत, पाय फुटलेलं अंडं चालत येतंय, छपरावर टार्टसारखी पक्वान्नं रचलीत.

आणि संयम? चित्रकार पोलायुओलोने 1470 साली संयम म्हणून रंगवलेली बाई एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओततेय. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात तिच्यासमोर किती जण थांबतात?

कोरडा_ब्रश:
कोण किती वेळ थांबतं यावर चित्राची किंमत ठरवायची असेल तर बोलणंच खुंटलं. संयम बघायला सवड लागते, ती तुम्ही दिलेली दिसत नाही.

चित्रकार टोरेन्शियसचं 1614 चं स्थिरचित्र, म्हणजे मांडलेल्या वस्तूंचं चित्र बघा, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. काळोखी पार्श्वभूमी, एक सुरई, एक पाण्याचा जग, मधे पेला, वर टांगलेला घोड्याचा लगाम आणि खाली मापाबाहेर जाणाऱ्याचा नाश सांगणाऱ्या ओळी. काचेवरचा उजेड इतका जपून ठेवलाय की श्वास रोखला जातो. हे चित्र हरवलं आणि 1913 साली सापडलं तेव्हा एका पिंपावर झाकण म्हणून वापरात होतं! संयमाच्या चित्रांची आपण हीच किंमत केली. तुमची पोस्ट त्याच रांगेतली आहे.

माधवी_रेघ:
पिंपाचा राग माझ्यावर काढू नका. आणि अर्धीच गोष्ट सांगू नका. याच टोरेन्शियसवर हार्लेममध्ये धर्मनिंदा आणि स्वैर वागण्यावरून खटला झाला, छळ झाला, वीस वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स मध्ये पडला म्हणून सुटला. लगाम रंगवणाऱ्याला लगाम मानवत होता असं समजायचं काही कारण नाही. त्याला काच रंगवायची होती. माझं म्हणणं तेच तर आहे.

चौकटीबाहेर:
तुम्ही दोघं काचेवर भांडा. मला वेगळंच विचारायचंय. खादाड माणूस दरवेळी जाडाच का? ब्रुगेलच्या 1559 च्या चित्रात पिंपावर बसलेला कार्निव्हल, म्हणजे उपासाआधीच्या खाण्यापिण्याच्या सणाचं माणसाचं रूप, जाडा, बॉशचा जाडा, चित्रकार यॉर्डान्सचा दारू पिणारा राजाही जाडा. माझ्या वडिलांच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं आणि दारूपायी घरातली भांडी विकली गेली. त्यांना या चित्रांत जागा कुठे आहे?

शाळेत चित्रकलेच्या बाईंनी 'हावरट माणूस' काढायला सांगितलं होतं. सगळ्या वर्गाने ढेरी काढली आणि मग माझ्याकडे बघून हसले. बाईही हसल्या.

आडवा_छेद:
वाईट झालं. पण अति खाल्ल्याने वजन वाढतं, हे शास्त्र आहे. चित्रकारांनी डोळ्यांना दिसलं ते काढलं. दर विषयात आपली तब्येत आणायची गरज नाही.

चौकटीबाहेर:
तब्येत मी आणली नाही, चित्रकारांनी आणली. मला थायरॉईड आहे, माझं जेवण तुम्ही मोजलेलं नाही. शास्त्र शिकवायचंच असेल तर चित्रकार देगाची 1876 च्या सुमाराची, ॲबसिंथ ही कडक दारू घेऊन बसलेली बाई बघा. ती काही ढेरपोटी नाही. खांदे पडलेले, नजर हरवलेली, पुढ्यात पेला. 1893 साली लंडनमध्ये समीक्षकांनी तिला पतित ठरवलं, आणि ती होती चित्रासाठी बसलेली एक अभिनेत्री! तुम्हीही तसेच निवाडे करणारे.

आडवा_छेद:
व्यक्तिगत बोलणार असाल तर मी थांबतो.

कोरडा_ब्रश:
थांबा किंवा थांबू नका, पण ब्रुगेलकडे नीट बघा. कार्निव्हलसमोर लेंट, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाचं रूप आहे, हाडांचा सापळा, फळीवर दोन मासे घेऊन. तिलाही त्याने तेवढंच कुरूप केलंय. आणि चित्रकार जोत्तो विसरू नका. पादुआच्या चॅपेलमध्ये, 1305 च्या सुमारास, त्याने संयम बाईच्या रूपात रंगवला. तोंडात लगाम, हातात तलवार, तीही पट्ट्याने बांधलेली. समोरच्या भिंतीवर तिच्या जोडीला खादाडपणा नाही, क्रोध आहे, स्वतःचं वस्त्र फाडणारा. तिथल्या सात दुर्गुणांत खादाडपणा मुळातच नाही. संयमाची सांगड ताटाशी आणि पोटाशीच घालायची हा हट्ट सगळ्यांचा नव्हता.

चौकटीबाहेर:
जोत्तोचं मान्य करते, नाइलाजाने. आमच्या घरात तो लगाम वडिलांच्या हातालाही हवा होता. पण कार्निव्हल आणि लेंट दोघंही कुरूप म्हणून हिशेब फिटत नाही. हडकुळ्या माणसाला कुणी 'उपास सोड' म्हणून हसत नाही.

माधवी_रेघ:
हा मुद्दा मला पटतो, आणि तो माझ्या मूळ पोस्टमध्ये नव्हता. पण प्रवचनाचं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. यॉर्डान्सने व्हिएन्नातल्या त्या चित्रात लिहून ठेवलंय, की दारुड्याइतकं वेड्याशी साम्य कुणाचंच नाही. आणि खाली? गाणं, आरडाओरडा, ओकारी, आणि सगळ्या तोंडांवर इतका तजेला! हा विषय त्याने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा रंगवला.

कोरडा_ब्रश:
गिऱ्हाईक मागत होतं म्हणून रंगवला. त्यावरून त्याचं मन कसं ओळखता? चित्रकार हेडाची स्थिरचित्रं बघून या. करडं टेबल, अर्धवट सोललेलं लिंबू, आडवा झालेला चांदीचा पेला, जेवून उठून गेलेली माणसं. मग बोलू.

माधवी_रेघ:
बघितली आहेत. त्या लिंबाची साल ज्याने रंगवली त्याला तोंडाला पाणी सुटलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं?