चौकाची हिरवळ वरून ठरते की जमिनीखालून?

मृद्गंध:
'शाश्वत उद्यान म्हणजे माजलेले रान' या कालच्या लेखात असे प्रतिपादन होते की, शहरातल्या चौकाला स्वच्छ फरसबंदी आणि कातरलेली हिरवळ पुरेशी आहे, बाकी सारे रचनाकारांचे खूळ आहे. ते वाचून स्वस्थ बसवले नाही. चौकातले झाड जगणार की नाही आणि पावसाचे पाणी मुरणार की गटारात जाणार, हे रोप लावण्याआधीच जमिनीखाली ठरून गेलेले असते. बांधकामाच्या काळात रोलर आणि मालमोटारी फिरून जमिनीची पक्की धुमस होते. चिकण मातीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅमपर्यंत गेली की मुळांना तिच्यात वाट काढता येत नाही. अशा जमिनीत हातभर खड्डा खणून लावलेले झाड वास्तविक कुंडीतच लावलेले असते. आमच्या घराजवळच्या चौकातले एक वठलेले झाड उपटताना मी स्वतः पाहिले आहे. लावून आठ वर्षे झाली होती, परंतु मुळे खड्ड्याच्या कडेने फिरून फिरून दोरीच्या भेंडोळ्यासारखी झाली होती आणि बाहेरच्या मातीत एकही मूळ शिरले नव्हते. कॉर्नेल विद्यापीठात १९९० च्या दशकात यावर एक उपाय विकसित झाला: फरशीखाली खडीचा सांगाडा रचायचा, म्हणजे वरचा भार खडी पेलते आणि फटींमधल्या मातीत मुळे पसरतात. खर्च करायचाच असेल तर तो आधी इथे व्हावा.

रेखाटन:
तो लेख माझाच आहे. मातीविषयी आपण लिहिले ते मान्य करतो, पण माझ्या मुद्द्याला आपण स्पर्शही केलेला नाही. आमच्याकडच्या उद्यानात 'नैसर्गिक' म्हणून डोक्याएवढी झुडपे वाढवली आहेत आणि दिवे लागल्यावर माझी मुलगी लांबचा रस्ता धरून घरी येते. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची हीच अवस्था होती. उंच झाडोऱ्यामुळे आतले काही दिसत नसे आणि अमली पदार्थांचे व्यवहार तिथे उघड चालत. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांच्या सूचनांनुसार आडोसा काढला, प्रवेश मोकळे केले, हलवता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. १९९२ मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि माणसांनी फुलून गेले. त्याच्या मध्यभागी हिरवळच आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

मृद्गंध:
त्या हिरवळीखाली शेजारच्या सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकांची कोठारे आहेत, त्यामुळे तिथे मोठे वृक्ष वाढवणे अवघड आहे. ते उदाहरण सगळ्या चौकांना लावता येणार नाही. झुडपे कमरेच्या खाली आणि झाडाच्या फांद्या डोक्याच्या वर ठेवल्या की नजर मोकळी राहते आणि सावलीही मिळते.

पायवाट:
झाडे आणि झुडपे यांवर आपण भरभरून लिहीत आहात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे? माझे वडील व्हीलचेअर वापरतात. आमच्या भागातला चौक 'पाणी मुरवणारा' करायचा म्हणून वाटांवर सुटी खडी पसरली गेली. पहिल्याच दिवशी खुर्चीची पुढची लहान चाके खडीत रुतली, मागे ओढली तशी आणखी खोल गेली आणि शेवटी दोन अनोळखी माणसांनी वडिलांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणले. त्यानंतर ते त्या चौकात गेलेले नाहीत. पाणी मुरले, माणूस मात्र बाहेर राहिला.

निरीक्षक:
मी अशा जागांच्या देखभालीचे काम करतो. सच्छिद्र पेव्हर ब्लॉकचा, म्हणजे फटींतून पाणी मुरू देणाऱ्या फरशीचा, पृष्ठभाग घट्ट असतो, त्यामुळे व्हीलचेअर त्यावरून जाते. परंतु फटींकडे कोणी पाहत नाही. तीन पावसाळ्यांनंतर एका फटीत मी चाकूचे टोक घातले, तेव्हा वरची नखभर जाडी काळ्या, चिकट गाळाने लिंपलेली होती आणि त्याखाली खडी कोरडीच्या कोरडी होती. कारण शेजारीच होते: वाफा फरशीपेक्षा उंच बांधल्यामुळे प्रत्येक सरीबरोबर माती फरशीवर येत होती. वाफा फरशीच्या पातळीखाली ठेवून ढाळ त्याच्याकडे दिला असता, तर झाडांना पाणी मिळाले असते आणि फटीही मोकळ्या राहिल्या असत्या. गाळ ओढून घेणारे यंत्र वर्षातून एकदोनदा तरी फिरवावे लागते. त्याची तरतूद मला आजवर एकाही अंदाजपत्रकात दिसलेली नाही.

रेखाटन:
मग माझे काय चुकले? तुम्ही लोक उद्घाटनाच्या छायाचित्रापुरता विचार करता आणि नंतरचा भार दुसऱ्यांवर टाकता. साधी फरशी झाडली की काम संपते.

मृद्गंध:
'तुम्ही लोक' ही भाषा मला मान्य नाही. साधी फरशी झाडता येते, पण तिच्यावरून वाहणारे पाणी सखल वस्तीत शिरते, तो भार कोणावर पडतो? रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात २०१३ पासून खोलगट मैदाने आहेत. एरवी तिथे मुले खेळतात आणि मुसळधार पावसात सुमारे १७ लाख लिटर पाणी त्यांत थोपवता येते. सिंगापूरच्या बिशान उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा २०१२ पर्यंत ३.२ किलोमीटरच्या वळणदार नदीत बदलला गेला. सुट्या खडीविषयी मात्र पायवाट यांचे म्हणणे मला स्वीकारावे लागते. मी स्वतः दोन ठिकाणी तिची शिफारस केली होती आणि वापरणाऱ्यांपैकी कोणालाही विचारले नव्हते.

पायवाट:
आपल्या स्वीकारावर मी समाधान मानू शकत नाही, कारण लगेच दिलेल्या उदाहरणातही तीच अडचण आहे. खोलगट मैदानाच्या पायऱ्यांवर बसून इतर लोक खेळ पाहतील. माझ्या वडिलांनी काठावरून पाहायचे का? पाणी साठवण्यासाठी जमीन खाली न्यायची असेल, तर उतारही त्याच आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवा. दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी किमान १.८ मीटर रुंदीची, घट्ट आणि सलग वाट आधी आखावी. मुरण्याची, झाडांची आणि बसण्याची जागा तिच्या कडेने शोधावी.

निरीक्षक:
याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अशा वाटेवरून आमचे यंत्रही नेता येईल. आज ते पायऱ्यांपाशीच अडते.

रेखाटन:
वाट आधी आणि वाफा फरशीच्या पातळीखाली, या दोन गोष्टी मी नाइलाजाने का होईना मान्य करतो. झुडपांची उंची कमरेखाली राहणार असेल, तर 'माजलेले रान' हे शब्दही मागे घेतो. हिरवळ मात्र सोडणार नाही. मुलांना पळायला मोकळी जागा लागते आणि ती वाफ्यात मिळत नाही.